मोजणीत नसलेली बाई

गर्दी जमवणं लोकांना वाटतं तितकं सोपं नसतं. चार माणसं एकत्र उभी केली की चार माणसंच दिसतात. त्यांची गर्दी दिसायला एकाला कंटाळा यावा लागतो, दुसऱ्याचा बूट चावत असावा लागतो आणि तिसऱ्याचं लक्ष भलतीकडेच असावं लागतं. हे शास्त्र ज्या एका माणसाला पुरतं कळलं होतं, त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. पण दोनशे माणसांना एका शिट्टीत गप्प करणाऱ्याला मास्तर नाही तर काय म्हणायचं? सव्वीस वर्षं त्यांनी सिनेमावाल्यांना गर्दी पुरवली. बाजारातली, कोर्टातली, दंगलीतली, अंत्ययात्रेतली. रडणारी हवी तर रडणारी, नुसती हळहळणारी हवी तर तीही. ती जरा महाग पडायची.

मग मशीन आलं. संगणकावर चार ओळी लिहायच्या की तीन हजार माणसं हजर. ना चहा, ना नाश्ता, ना "मास्तर, आज पोराला बरं नाही, लवकर सोडा."

मास्तरांचा धंदा बसला, पण मास्तर बसले नाहीत. ज्या स्टुडिओला ते माणसं पुरवायचे, त्यानेच त्यांना बोलावून घेतलं. मशीनने बनवलेली गर्दी बघायची आणि चुका काढायच्या, असं काम. शिवाय त्यांच्याकडे अल्बम होते. सव्वीस वर्षांत जमवलेले अकराशे चेहरे, नावानिशी, उंचीनिशी. मशीनला शिकवायला स्टुडिओला ते हवे होते. मास्तरांनी घरोघर फिरून प्रत्येकाची सही आणली आणि अल्बम देऊन टाकले.

"गर्दी गेली तर गेली," घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "चेहरे तरी राहतील."

"हो ना," बायको म्हणाली. "जेवण गेलं, ताटं राहिली."

कामाची खोली स्टुडिओच्या दुसऱ्या मजल्यावर होती, पूर्वी जिथे कपडेपट होता तिथे. भिंतीवर अजून कपडे टांगायच्या लोखंडी दांड्या होत्या आणि एसी इतका गार की मास्तर मफलर गुंडाळून बसायचे. शेजारच्या खुर्चीत ऑपरेटर. तिशीची, चपळ बोटांची, कानात सतत काहीतरी अडकवलेली मुलगी. ती मशीनला सूचना लिहायची आणि मास्तर पडद्याकडे नाक नेऊन चुका काढायचे. एकाच्या पिशवीचा पट्टा शेजारणीच्या खांद्यात घुसलेला. एकाचा चष्मा कातडीतच विरघळलेला. एकच गृहस्थ तीन रांगांत, तिन्हीकडे तितकाच प्रसन्न.

सिनेमा एका पुलाचा होता. शंभर वर्षांपूर्वी पूल बांधतात, त्यावरून चार पिढ्या ये-जा करतात, आणि शेवटी तो कोसळतो. चार पिढ्यांची गर्दी मशीन करणार होतं. ज्या कंपनीतर्फे सिनेमा घरोघरी दिसणार होता तिने एक अट घातली होती. गर्दीत सगळ्या प्रकारची माणसं दिसली पाहिजेत. काळी, गोरी, जाडी, म्हातारी, अपंग, गरीब. त्यासाठी एक सल्लागारबाई नेमल्या होत्या. त्या मंगळवारी यायच्या आणि हातात यादी धरून पडद्यावरची माणसं मोजायच्या.

अट रास्त होती. अडचण मशीनची होती. ऑपरेटरने "साधी माणसं" लिहिलं की टूथपेस्टच्या जाहिरातीतून पळून आल्यासारखे तीनशे लोक यायचे. "म्हातारी" लिहिलं की पंचवीस वर्षांची मुलगी केस पांढरे करून उभी. "गरीब" लिहिलं तेव्हा तेच लोक आले, फक्त प्रत्येकाच्या उजव्या गालावर काजळीचा एकसारखा फराटा होता.

"यांना कोणीतरी रांगेत उभं करून शिक्का मारलाय," मास्तर म्हणाले.

"तुमच्याच अल्बमवर शिकलंय ते," ऑपरेटर म्हणाली.

"माझी माणसं अशी नव्हती. माझ्या माणसांना दम लागायचा."

ती पहिल्यांदा दिसली ती बाजाराच्या दृश्यात. पुलाच्या तोंडाशी भरलेला बाजार, साडेचारशे माणसं. तिसऱ्या रांगेत, टोपल्यांच्या मागे, एक साठीकडे झुकलेली बाई उभी होती. अंगात विटका हिरवा स्वेटर, पोटाशी दोन्ही हातांनी धरलेली पर्स. डाव्या कानशिलापासून हनुवटीपर्यंत जांभळट जन्मखूण. आजूबाजूचे साडेचारशे लोक बाजारात असल्यासारखे वागत होते. ती मात्र सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती, आणि एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत होती.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. चार-पाच तास उभं राहून पाय भरून आले की माणूस असा भार बदलतो. मशीनच्या माणसांचे पाय कधी भरून येत नसत.

"ही कोण घातलीस?"

"मी नाही घातली," ऑपरेटर म्हणाली. तिने आकडा तपासला. "साडेचारशे मागितले, साडेचारशे आलेत." मग पडद्यावर बोट फिरवत तिने एकेक डोकं मोजलं. हिला धरून चारशे एक्कावन्न भरले.

त्या दिवशी नेमका मंगळवार होता. सल्लागारबाईंनी ती बाई पाहिली आणि टाळीच वाजवली. "ही! ही अगदी खरी वाटते! अशा आणखी दहा करा."

ऑपरेटरने दहा करायला सांगितल्या. मशीनने दहा देखण्या मुली दिल्या. प्रत्येकीच्या गालाला जॅम लागल्यासारखं काहीतरी होतं.

मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत. ती बाई त्यांच्या ओळखीची होती. सतरा वर्षं ती त्यांच्या गर्दीत येत होती. वेळेवर यायची, तक्रार करायची नाही, सांगू तिथे उभी राहायची. फक्त तो चेहरा. प्रत्येक दिग्दर्शक म्हणायचा, बघणाऱ्याची नजर तिकडेच जाते. मग मास्तर म्हणायचे, "बाई, जरा तिकडे तोंड करा." दर वेळी तेच. शेवटी युनिटमध्ये तिला सगळे पाठमोरी म्हणायला लागले, तिच्यासमोरसुद्धा. आठ वर्षांपूर्वी तिने यायचं बंद केलं.

आणि तिचा फोटो अल्बममध्ये नव्हता. लावलाच नव्हता. निर्माते पानं उलटताना मध्येच थांबतील, म्हणून. मशीनने तिचा चेहरा पाहिलेलाच नव्हता. कोणीच पाहिलेला नव्हता.

"इंटरनेटवर कुठेतरी असेल," ऑपरेटर म्हणाली. "मशीन कुठून काय उचलतं, कोणाला कळतंय?"

ही समजूत दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी पुलाच्या उद्घाटनाचं दृश्य आलं. काळ शंभर वर्षांपूर्वीचा. उंच टोप्या, लांब कोट, बग्ग्या, आणि या सगळ्यांत हिरव्या स्वेटरमधली बाई, पोटाशी चेनची पर्स धरून.

दिग्दर्शकाने डोक्याला हात लावला. तो एरवी हळू बोलणारा माणूस, पण चिडला की त्याचा आवाज शिट्टीसारखा व्हायचा. "शंभर वर्षांपूर्वी चेन? पुसा तिला!"

ऑपरेटरने पुसली. दृश्य पुन्हा तयार झालं, तेव्हा जिथून पुसली होती तिथे माणसाएवढी जागा रिकामी होती आणि ती एक रांग पुढे आली होती. पुन्हा पुसली. आणखी एक रांग पुढे. चौथ्यांदा ती थेट बग्गीच्या घोड्याशेजारी उभी होती आणि घोडा तिच्याकडे बघत होता.

"राहू द्या," दिग्दर्शक म्हणाला. त्याचा आवाज आता अजिबात शिट्टीसारखा नव्हता.

शनिवारी सकाळी मास्तर तिच्या घरी गेले. पत्ता जुन्या वहीत होता. लिफ्ट नसलेल्या इमारतीचा तिसरा मजला. आत एक मोठी खोली, मागे स्वयंपाकघर; खोलीत सोफा, खिडकीशी शिलाई मशीन, एका शिंप्याकडून आलेले शर्टांचे गठ्ठे. बाई शर्टांना काजं करून द्यायच्या. दार उघडलं तेव्हा अंगात हिरवा स्वेटर होता.

"आलात?" त्या म्हणाल्या. "मीच येणार होते तक्रार घेऊन. पण जिने उतरवत नाहीत आता. बसा."

"कसली तक्रार?" मास्तरांनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

"अहो, बाजाराच्या सीनला पाच तास उभं केलंत. पाच तास! पाणी नाही, चहा नाही. पूर्वी तुम्ही होतात तर दोन तासांनी बिस्किटं तरी यायची. आणि घोड्याच्या सीनला तर मला कोणीतरी सारखं ढकलत होतं. इथून काढ, तिथे लाव. माणूस आहे का फर्निचर?"

मास्तर सोफ्यावर बसले. 

हळूहळू त्यांनी सगळं काढून घेतलं. काढायला फार लागलं नाही, बाईंच्या मनात साचलेलंच होतं. दुपारी जेवून त्या सोफ्यावर लवंडतात. डोळा लागला की बोलावणं येतं. कोण बोलावतं ते माहीत नाही. पूर्वीही कुठे माहीत असायचं? निरोप यायचा आणि जायचं. उठल्यावर पाय ठणकत असतात.

"बाई, ते स्वप्न असेल."

"असेल. पण मग मी बाजारात होते हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"आणि ती बाकीची माणसं कुठून आणलीत हो?" बाईंनी आवाज खाली आणला. "शेजारच्या पोरीला विचारलं, किती वाजले? ती हसली. दोन तासांनी परत विचारलं. तेच हसू. हात लावून पाहिला तर गार नाही नि गरमही नाही. आधी भीती वाटली मला. मग दया आली. नवखी आहेत बिचारी. कोणी काही शिकवलेलंच नाही त्यांना. कुठे बघायचं, वजन कुठल्या पायावर टाकायचं, काही माहीत नाही. मी आता थोडं थोडं शिकवते."

"कोणाला?"

"त्याच पोरीला. पिवळ्या कोटातल्या. हुशार आहे. परवा पहिल्यांदा माझं बोट धरलं तिने."

मास्तर निघाले तेव्हा बाई दारापर्यंत आल्या. "एक खुर्ची तेवढी बघा. जास्त मागत नाही मी."

सोमवारी मास्तरांनी ऑपरेटरला सांगितलं, पुढच्या दृश्यात एक खुर्ची ठेव. दृश्य पुलावरच्या मोर्च्याचं होतं. मोर्च्यात खुर्ची कशाला, असं तिने विचारलं नाही. घोड्याच्या दिवसापासून तिने प्रश्न विचारणं सोडलं होतं. तिने लिहिलं, एक खुर्ची, साधी, लाकडी.

घोषणा देत हजार माणसं पुढे चालली होती आणि पुलाच्या मधोमध बाई खुर्चीत बसली होती. चप्पल काढून एक पाऊल चोळत होती. शेजारी पिवळ्या कोटातली मुलगी उभी होती. मास्तरांनी ते दृश्य सहा वेळा पाहिलं. बाकीचे नऊशे नव्व्याण्णव एकाच वेळी पापणी लववत होते. ही मुलगी कंटाळली होती. तिने जांभई दिली, आणि तोंडावर हात धरला.

"मास्तर," ऑपरेटर म्हणाली, "हे मी लिहिलेलं नाही."

"माहितीये."

"मग कोणी लिहिलं?"

"लिहिलं नाही, पोरी. शिकवलं."

त्या दिवसापासून एक ते दोन मशीन थांबवायचं ठरलं. मास्तर म्हणाले, जेवणाची सुट्टी. ऑपरेटरने वरच्यांना कळवताना लिहिलं, तांत्रिक देखभाल. मंगळवारी सल्लागारबाईंनी कागदावर खूण केली आणि म्हणाल्या, "गर्दी आता फार जिवंत वाटायला लागली आहे." मास्तर आणि ऑपरेटर, दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

आणि मग पूल कोसळायचा दिवस ठरला.

गुरुवार, दुपारी दोन ते पाच. तीन हजार माणसं पुलावर, मधली कमान खचते, सगळे नदीत. कोणी वाचत नाही. संहितेत स्पष्ट लिहिलं होतं.

मास्तर दिग्दर्शकाकडे गेले. "साहेब, एकजण तरी वाचवा."

"मास्तर, शोकांतिका आहे ती."

"मग थोडेसेच बुडवा."

"हे बघा," दिग्दर्शक समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही आयुष्यभर खऱ्या माणसांत काम केलंत म्हणून तुम्हाला तसं वाटतं. ही माणसं नाहीत. ही कुठे राहत नाहीत, यांना कोणी नाही. बुडाली काय नि राहिली काय."

सल्लागारबाई तिथेच होत्या. त्यांनी यादीवरून मान वर केली. "फक्त बुडणाऱ्यांतही प्रमाण बरोबर ठेवा हं."

गुरुवारी मास्तरांनी रजा टाकली आणि दीड वाजता ते तिसऱ्या मजल्यावर हजर झाले. सोबत कडक कॉफीची बाटली, पत्त्यांचा जोड आणि एक जुनी शिट्टी. बेत साधा होता. बाईंना पाच वाजेपर्यंत झोपू द्यायचं नाही.

"आज शूटिंग बुडवायचं?" बाईंना ते पटेना. "सतरा वर्षांत एक खाडा नाही माझा."

"आजचा सीन वाईट आहे, बाई. पाण्याचा आहे."

"मग त्या पोरीचं काय? येते म्हणून सांगितलंय मी तिला."

 मास्तरांनी पत्ते वाटले.

पहिला तास छान गेला. बाई पत्त्यांत लबाडी करायच्या, आणि ती पकडली की मास्तरांनाच रागवायच्या. तिसरा डाव झाला, कॉफी झाली. एकेका नटाची उणीदुणी काढून झाली. सव्वातीनला बाईंनी जांभई दिली. मास्तरांनी शिट्टी फुंकली. खालच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं. बाई हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, आणि पुन्हा सरसावून बसल्या.

साडेतीनला पत्त्यांचा कंटाळा आला. आता काय बोलावं, असा प्रश्न पडला. मग मास्तर ते बोलायला लागले, जे त्यांनी जिने चढताना मनात घोळवलं होतं. नजर फरशीवर ठेवून, कारण वर बघून त्यांना ते जमलं नसतं. म्हणाले, बाई, मी तुम्हाला सतरा वर्षं पाठमोरं उभं केलं. दिग्दर्शक सांगायचे हे खरं, पण पुढेपुढे ते सांगायचेसुद्धा नाहीत, मीच आपण होऊन करायचो. सवय लागली होती. तुमचं काम चांगलं होतं. त्या अंत्ययात्रेच्या सीनला तुमचे नुसते खांदे बघून कॅमेरामनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. अल्बम केला तेव्हा तुमचा फोटो माझ्या हातात होता. मी तो खणात टाकला. मशीनला द्यायच्या वेळी सगळ्यांच्या घरी गेलो, तुमच्या घरी आलो नाही. काय तोंडाने येणार होतो? माझ्या बायकोने मला दहादा सांगितलं होतं की त्या बाईला एकदा तरी पुढे उभं करा. मी म्हणायचो, बघू. हे बघू, बघू म्हणता म्हणता...

मास्तर बराच वेळ बोलले. आयुष्यात पहिल्यांदाच इतकं मनापासून बोलले. बोलून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं.

बाई झोपल्या होत्या.

"बाई! अहो बाई!" त्यांनी हाक मारली. खांदा हलवला. कानाशी शिट्टी फुंकली. खालचा माणूस पुन्हा ओरडला. बाई हलल्या नाहीत. त्यांचा श्वास मोठा आणि जड चालला होता, गर्दीतून वाट काढणाऱ्या माणसासारखा.

मास्तरांनी फोन लावला. "पोरी, थांबव ते!"

"थांबवलं!" ऑपरेटर कुजबुजत होती, पण ओरडल्यासारखी. "मघाशीच थांबवलं. मशीन थांबलंय असं दाखवतंय. पण चित्रं येतायत, मास्तर. येतच आहेत."

"ती आहे?"

"आत्ता आली. धावत. सगळ्यांना मागे ढकलतेय. काठाकडे ढकलतेय. कोणी हलत नाहीये. सगळे हसतायत नुसते."

"पूल?"



सोफ्यावर बाईंची बोटं कशाभोवती तरी मिटली. रिकाम्या हवेतच, घट्ट.

स्वेटरची खालची कड काळपट झाली. मग पोटापर्यंत. मग छातीपर्यंत.

सोफ्याखाली पाणी टपकायला लागलं.

मास्तरांनी त्यांना दोन्ही काखांत धरून ओढलं. उचलेनात. एका बाईचं वजन नव्हतंच ते.

ओल्या केसांतून गाळाचा वास येत होता.

बाईंनी श्वास घ्यायचा थांबवला. मास्तरांनी आकडे मोजले, दुसरं काही सुचलं नाही म्हणून. एकोणतीसपर्यंत आले.

तिसाव्याला बाई उठून बसल्या. खोकल्या, पाणी ओकल्या, पुन्हा खोकल्या. मास्तर नुसते त्यांच्या पाठीवर थोपटत राहिले.  त्यांना रडू येत होतं आणि हसूही येत होतं. खिडकीबाहेर स्वच्छ ऊन पडलं होतं, खाली कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवत होतं.

"तीन हजार होते हो," बाई शेवटी म्हणाल्या. "हात मात्र एकीचाच लागला."

फोन अजून चालू होता. जमिनीवर पडलेल्या फोनमधून ऑपरेटरचा आवाज येत होता. "मास्तर? ऐकताय? संपलं. पण मोजणी चुकतेय. मी तीनदा मोजलं. दोन हजार नऊशे नव्व्याण्णवच बुडालेत."

"बाईंना धरून?"

"बाई कधी मोजणीत होत्या?"

मास्तरांनी फोन बंद केला. उठले आणि खुर्चीवरचा टॉवेल आणून बाईंच्या खांद्यावर टाकला.

"मला हा राहू द्या," बाई म्हणाल्या. दात वाजत होते, तरी चेहऱ्यावर एक अवघडलेला, कौतुकाचा भाव होता. "कपाटात दुसरा आहे, मोठा. तो तिला द्या. आणि लगेच काही विचारू नका. बुजेल. तिला अजून बोलता येत नाही."

स्वयंपाकघरात कोणीतरी पेला खाली ठेवला.

मास्तरांनी आवाजाच्या दिशेने पाहिलं. दार अर्धवट लोटलेलं होतं. सोफ्यापासून त्या दारापर्यंत फरशीवर ओल्या पावलांचे ठसे गेले होते. लहानसे, नीट, एकामागे एक. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांनी ते मोजले. अकरा होते.

अकराही डाव्या पायाचे.